एसएनएमपीवरून स्विचच्या कॉन्फिग कॉपीवर लक्ष ठेवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्क स्विचच्या कॉन्फिगचा (सेटिंगच्या फाइलचा) बॅकअप रात्री आपोआप होतो, असं गृहीत धरून कामं चाललेली असतात. तो खरोखर होत होता की नाही, हे स्विच जळाल्यावर कळून उपयोग नसतो. पुढचे प्रश्न बॅकअपची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांकडून आणि मॉनिटरिंग सांभाळणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं मुख्यतः सिस्कोच्या आयओएस आणि आयओएस एक्सई या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या स्विचना धरून दिली आहेत. बाकी कंपन्यांचं प्रश्न १९ मध्ये पाहा.

१. एसएनएमपीने कॉन्फिगचा बॅकअप घेता येतो म्हणतात. मग फाइल एसएनएमपीतूनच जाते का?

नाही. एसएनएमपी म्हणजे नेटवर्कच्या यंत्रांवर दुरून लक्ष ठेवण्याचा प्रोटोकॉल. त्यावरून स्विचला फक्त हुकूम जातो: तुझी रनिंग (या घडीला चालू असलेली) कॉन्फिग अमुक सर्व्हरवर अमुक नावाने ठेव. फाइल स्विच स्वतः पाठवतो, टीएफटीपी, एफटीपी, आरसीपी, एससीपी किंवा एसएफटीपीने. काम कुठवर आलं ते मात्र पुन्हा एसएनएमपीवरच विचारता येतं.

त्यामुळे दोन वेगळे रस्ते मोकळे असावे लागतात. एक, मॅनेजमेंट स्टेशनपासून (हुकूम देणाऱ्या संगणकापासून) स्विचपर्यंत यूडीपी पोर्ट १६१. दुसरा, स्विचपासून फाइल सर्व्हरपर्यंत त्या प्रोटोकॉलचा पोर्ट, टीएफटीपीसाठी यूडीपी ६९. टीएफटीपीची एक खोड लक्षात ठेवा: पहिली विनंती ६९ वर जाते, पण पुढची सगळी देवाणघेवाण सर्व्हर स्वतः निवडलेल्या दुसऱ्या पोर्टवरून करतो. मधल्या फायरवॉलला टीएफटीपी कळत नसेल तर पहिलं पॅकेट पोचतं आणि उत्तर अडकतं.

२. यासाठी कोणतं मिब लागतं?

सिस्को-कॉन्फिग-कॉपी-मिब. मिब म्हणजे एसएनएमपीवरून वाचता-लिहिता येणाऱ्या गोष्टींची यादी आणि ओआयडी म्हणजे त्यातल्या गोष्टीचा क्रमांक. या मिबची मुळाशी असलेली ओआयडी १.३.६.१.४.१.९.९.९६ आणि कॉपीचं टेबल १.३.६.१.४.१.९.९.९६.१.१.१.१. त्यापुढे कॉलमचा क्रमांक आणि शेवटी नोंदीचा इंडेक्स येतो.

जुन्या स्क्रिप्टमध्ये १.३.६.१.४.१.९.२.१.५५ ही ओआयडी दिसली, तर ती ओल्ड-सिस्को-सिस-मिबमधली ‘राइटनेट’ आहे. ती फक्त टीएफटीपी जाणते आणि काम कुठवर आलं हे सांगणारं टेबल तिच्यामागे नाही. लक्ष ठेवायचं असेल तर ती सोडून द्या.

३. कॉपी सुरू करायला नेमकं काय काय सेट करायचं?

रनिंग कॉन्फिग टीएफटीपी सर्व्हरवर पाठवायची असेल, तर एवढं पुरतं:

कॉलम २, प्रोटोकॉल: १ (टीएफटीपी, २ एफटीपी, ३ आरसीपी, ४ एससीपी, ५ एसएफटीपी)
कॉलम ३, कुठून: ४ (रनिंग कॉन्फिग)
कॉलम ४, कुठे: १ (नेटवर्कवरची फाइल)
कॉलम ५, सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ता
कॉलम ६, फाइलचं नाव
कॉलम १४, नोंदीची स्थिती: ४ (तयार कर आणि लगेच चालव)

‘कुठून’ आणि ‘कुठे’ या दोन्हींसाठी आकडे तेच आहेत: १ नेटवर्क फाइल, २ स्विचच्या फ्लॅशमधली फाइल, ३ स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह केलेली, रीस्टार्टनंतर लागू होणारी), ४ रनिंग कॉन्फिग, ५ टर्मिनल. म्हणजे ‘४ पासून ३ ला’ ही जोडी दिली की ती ‘राइट मेमरी’, म्हणजे रनिंग सेव्ह करण्याची आज्ञा झाली. तिला सर्व्हर लागत नाही आणि फाइलचं नावही लागत नाही. एफटीपी, एससीपी वगैरेंसाठी कॉलम ७ मध्ये युजरनेम आणि ८ मध्ये पासवर्ड द्यावा लागतो.

हे सगळं एकाच सेट (मूल्य लिहिण्याच्या) विनंतीत पाठवा. एकेक कॉलम वेगवेगळा पाठवायचाच असेल, तर आधी कॉलम १४ ला ५ द्या, म्हणजे नोंद तयार होऊन थांबून राहते. मग बाकीचे कॉलम भरा आणि शेवटी १४ ला १ देऊन ती चालू करा. ही पद्धत लांबची आहे, पण चूक कुठल्या कॉलममध्ये आहे हे शोधताना फार उपयोगी पडते.

४. इंडेक्स म्हणून कोणता आकडा घ्यायचा? आमची स्क्रिप्ट नेहमी १ वापरते.

१ वापरू नका. दर वेळी यादृच्छिक आकडा घ्या. १ पासून २१४७४८३६४७ पर्यंत कुठलाही चालतो. आधीच्या कॉपीची नोंद टेबलात शिल्लक असताना त्याच इंडेक्सवर नवी तयार करायला गेलात, तर स्विच ‘विसंगत मूल्य’ म्हणून विनंती परत करतो. स्क्रिप्ट हातोहात दुसऱ्यांदा चालवली की अपयश आणि थोड्या वेळाने चालवली की यश, असा जो गोंधळ दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोन वेगळ्या प्रणाली एकाच स्विचला हुकूम देत असतील, तर ठरलेला इंडेक्स आणखी घातक. एकीने सुरू केलेल्या कॉपीचा निकाल दुसरी आपला समजून वाचते.

५. कॉपी झाली हे कसं ओळखायचं? सेट विनंतीला ‘ठीक’ असं उत्तर आलं म्हणजे झालं ना?

सेटला आलेल्या उत्तराचा अर्थ एवढाच की स्विचने हुकूम स्वीकारला. निकाल कॉलम १० मध्ये असतो: १ थांबलेली, २ चालू, ३ यशस्वी, ४ अयशस्वी. दर दोन-तीन सेकंदांनी तो वाचा आणि ३ किंवा ४ येईपर्यंत थांबा. या थांबण्याला स्क्रिप्टमध्ये वरची मर्यादा घाला, नाहीतर एका अडलेल्या स्विचपायी रात्रीची सगळी रांग खोळंबते.

एकटा कॉलम १० वाचण्याऐवजी १०, ११, १२ आणि १३ एकाच गेट (वाचण्याच्या) विनंतीत मागवा. ११ म्हणजे सुरुवातीची वेळ, १२ म्हणजे संपल्याची वेळ, १३ म्हणजे अपयशाचं कारण. वेळा स्विच चालू झाल्यापासूनच्या शतांश सेकंदांत असतात, त्यामुळे दोन्हींची वजाबाकी म्हणजे कॉपीला लागलेला वेळ. हा आकडा साठवून ठेवाच. एरवी झटकन होणारी कॉपी एका स्विचवर हळूहळू लांबत चालली असेल, तर रस्त्यात कुठेतरी पॅकेट गळत आहेत, आणि ते इतर कुठल्या अलार्मच्या आधी इथे दिसू शकतं.

वाचून झालं की कॉलम १४ ला ६ देऊन नोंद पुसून टाका.

६. सकाळी टेबल वाचायला गेलो तर रात्रीची एकही नोंद नाही. कॉपी झालीच नाही का?

झालीही असेल. संपलेल्या नोंदी स्विच कायमच्या ठेवत नाही. मिबमध्ये हमी एवढीच आहे की कॉपी संपल्यानंतर पाच मिनिटांच्या आत नोंद पुसली जाणार नाही. त्यानंतर ती कधीही जाऊ शकते, आणि मग त्या ओआयडीवर ‘अशी नोंद नाही’ हेच उत्तर येतं.

म्हणून मॉनिटरिंगचं पोलिंग (ठरावीक वेळाने विचारणं) दर पाच किंवा दहा मिनिटांनी असेल, तर या टेबलाचा त्याला काही फायदा नाही. ज्याने कॉपी सुरू केली त्यानेच निकाल वाचून आपल्याकडे नोंदवावा, नाहीतर ट्रॅप, म्हणजे स्विचने आपणहून पाठवायची सूचना, लावावा (प्रश्न १०).

७. कॉलम १० मध्ये ४ आला. आता कारण कसं शोधायचं?

कॉलम १३ वाचा. १ अज्ञात, २ फाइलचं नाव चुकीचं, ३ टाइमआउट, ४ मेमरी अपुरी, ५ कॉन्फिगच नाही, ६ प्रोटोकॉल चालत नाही, ७ कॉन्फिगचा काही भाग लागू झाला नाही, ८ स्विच अजून तयार नाही, ९ विनंती रद्द केली.

कागदावर ही यादी स्पष्ट वाटते. प्रत्यक्षात १, २ आणि ३ हेच जास्त करून समोर येतात आणि तिघांच्या मुळाशी अनेकदा फाइल सर्व्हर असतो. टीएफटीपीचे बरेच सर्व्हर नवी फाइल तयार करू देत नाहीत. त्या नावाची फाइल आधीपासून तिथे असावी लागते आणि तिच्यावर सगळ्यांना लिहिण्याची परवानगी असावी लागते. नवा स्विच बॅकअपमध्ये घेतला आणि फक्त त्याचीच कॉपी फसते आहे, असं असेल तर आधी इथे पाहा. फाइलच्या नावात उपफोल्डर दिला असेल तर तो सर्व्हरवर अगोदरच असायला हवा, कारण टीएफटीपीला फोल्डर बनवता येत नाही. डिस्क भरली असली तरी स्विचला ते ‘डिस्क भरली’ म्हणून दिसत नाही. तेव्हा स्विचवरचं कारण आणि सर्व्हरचा लॉग नेहमी शेजारी ठेवून वाचा.

६ आला तर स्विचवरच्या आयओएसच्या प्रतीत तो प्रोटोकॉल नाही. एससीपीसाठी क्रिप्टो असलेली प्रत लागते. ७ फक्त उलट दिशेच्या कॉपीत येतो, तो प्रश्न १७ मध्ये घेतला आहे.

८. टाइमआउट येतो, पण सर्व्हर व्यवस्थित पिंग होतो. असं कसं?

पिंग कुठून केलं ते आधी पाहा. मॅनेजमेंट स्टेशनवरून सर्व्हर पिंग झाला तर त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण फाइल स्विचकडून जायची आहे.

स्विचवरूनही पिंग होत असेल, तर ते कुठल्या रूटिंग टेबलातून झालं? आयओएस एक्सईच्या अनेक स्विचवर मॅनेजमेंटचा पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये, म्हणजे स्वतंत्र रूटिंग टेबलात असतो. एसएनएमपीचा हुकूम त्या पोर्टवरून आत येतो, उत्तरही तिथूनच जातं, पण टीएफटीपीची फाइल मात्र स्विच मुख्य रूटिंग टेबलातून पाठवू पाहतो. तिथे सर्व्हरकडे जाणारी वाटच नसते. यावर उपाय म्हणजे ‘आयपी टीएफटीपी सोर्स-इंटरफेस’ या आज्ञेने मॅनेजमेंटचा पोर्ट ठरवून देणं. एफटीपीसाठी अशीच ‘आयपी एफटीपी सोर्स-इंटरफेस’ आहे आणि एसएसएचच्या जोडणीसाठी ‘आयपी एसएसएच सोर्स-इंटरफेस’.

व्हीआरएफ नसला तरी सोर्स इंटरफेस ठरवलेला बरा. स्विचला अनेक आयपी पत्ते असतात आणि रूट बदलला की फाइल वेगळ्याच पत्त्यावरून निघते. सर्व्हरपुढच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (परवानगीच्या पत्त्यांच्या यादीत) तो पत्ता नसला की कालपर्यंत चालणारा बॅकअप आज थांबतो, आणि स्विचवर तर कोणी काहीच बदललेलं नसतं.

९. सेट विनंतीलाच उत्तर येत नाही. कॉपीचा टाइमआउट आणि हा टाइमआउट एकच का?

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कॉलम १३ मधला ३ स्विच स्वतः सांगतो: सर्व्हर सापडला नाही. इथे स्विचच गप्प आहे. कम्युनिटी स्ट्रिंग (एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द) चुकली किंवा अ‍ॅक्सेस लिस्टने अडवलं, तर एसएनएमपीच्या आवृत्ती २सी मध्ये स्विच नकारही कळवत नाही, पॅकेट टाकून देतो. ‘लिहिता येत नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ असं उत्तर आलं तर उलट चांगलं. म्हणजे रस्ता मोकळा आहे, फक्त कम्युनिटी वाचण्यापुरती आहे किंवा व्ह्यूमध्ये (त्याला खुल्या केलेल्या ओआयडींत) ही शाखा नाही.

उत्तर आलं नाही म्हणून विनंती डोळे झाकून पुन्हा पाठवू नका. पॅकेट यूडीपीवरून जातं. हुकूम पोचला असेल, कॉपीही सुरू झाली असेल आणि वाटेत फक्त उत्तर हरवलं असेल. आधी त्याच इंडेक्सचा कॉलम १० वाचा. नोंद सापडली तर प्रश्न ५ प्रमाणे पुढे चला.

१०. पोलिंग करावं की ट्रॅप लावावा?

कॉपी सुरू करणाऱ्या स्क्रिप्टने पोलिंग करावं आणि मॉनिटरिंगसाठी ट्रॅप लावावा. मी दोन्ही ठेवण्याच्या मताचा आहे. ट्रॅपही यूडीपीवरच येतो, पोर्ट १६२. तो हरवला तर कोणालाच कळत नाही, आणि ‘ट्रॅप आला नाही’ याचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा घेतला जातो. पोचपावती हवी असेल तर ट्रॅपऐवजी इन्फॉर्म वापरा. समोरून उत्तर येईपर्यंत स्विच तो ठरावीक वेळा पुन्हा पाठवतो.

कॉपी संपल्याचा ट्रॅप १.३.६.१.४.१.९.९.९६.२.१.१ या ओआयडीचा असतो. त्यात सर्व्हरचा पत्ता, फाइलचं नाव, निकाल, दोन्ही वेळा आणि अपयशाचं कारण येतं. कुठली कॉन्फिग पाठवली, रनिंग की स्टार्टअप, हे त्यात येत नाही. म्हणून फाइलच्या नावातच स्विचचं नाव आणि कॉन्फिगचा प्रकार घाला. पुढे ट्रॅप वाचणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

ट्रॅप येतच नसेल तर दोन जागा तपासा, कारण दोन्हीकडे हो म्हणावं लागतं. स्विचवर ‘एसएनएमपी-सर्व्हर एनेबल ट्रॅप्स कॉन्फिग-कॉपी’ ही आज्ञा दिलेली हवी, आणि कॉपी सुरू करताना कॉलम ९ ला १ द्यायला हवा. कॉलम ९ सोडला तर स्विच ट्रॅप पाठवत नाही.

११. कोणी स्विचवर लॉगिन करून हाताने कॉपी केली तर ती या टेबलात दिसेल का?

नाही. या टेबलात फक्त एसएनएमपीवरून मागितलेल्या कॉपींच्या नोंदी असतात. हाताने केलेल्या कामांसाठी दुसरं मिब आहे, सिस्को-कॉन्फिग-मॅन-मिब, ओआयडी १.३.६.१.४.१.९.९.४३. त्याचा ट्रॅप १.३.६.१.४.१.९.९.४३.२.०.१ आणि तो चालू करणारी आज्ञा ‘एसएनएमपी-सर्व्हर एनेबल ट्रॅप्स कॉन्फिग’.

या ट्रॅपमध्ये तीन आकडे येतात: हुकूम कुठून आला (१ कमांड लाइन, २ एसएनएमपी), कॉन्फिग कुठून घेतली, आणि कुठे ठेवली. शेवटच्या दोन्हींमध्ये २ म्हणजे हुकूम देणारा स्वतः, ३ रनिंग, ४ स्टार्टअप, ६ टीएफटीपी. ‘२ पासून ३’ म्हणजे कोणीतरी कॉन्फिग मोडमध्ये जाऊन आलं. ‘३ पासून ४’ म्हणजे सेव्ह केलं. ‘३ पासून ६’ दिसलं आणि त्या वेळी तुमची बॅकअप स्क्रिप्ट चालू नव्हती, तर कोणीतरी पूर्ण कॉन्फिग बाहेर नेली आहे. अशा घटनेला वेगळा अलार्म लावणं अगदी रास्त आहे. ट्रॅप आल्यावर त्याच मिबचं इतिहासाचं टेबल वाचलं, तर लॉगिन केलेल्या युजरचं नाव आणि सर्व्हरचा पत्ताही तिथे मिळू शकतो.

१२. कॉन्फिग बदलली पण सेव्ह केली नाही, हे एसएनएमपीने कळेल का?

कळेल. त्याच कॉन्फिग-मॅन-मिबमध्ये तीन वेळा आहेत:

१.३.६.१.४.१.९.९.४३.१.१.१.०, रनिंग शेवटची कधी बदलली
१.३.६.१.४.१.९.९.४३.१.१.२.०, रनिंग शेवटची कधी कुठेतरी लिहिली गेली
१.३.६.१.४.१.९.९.४३.१.१.३.०, स्टार्टअप शेवटची कधी बदलली

पहिली वेळ तिसरीपेक्षा मोठी असेल, तर रनिंगमधला बदल स्टार्टअपमध्ये गेलेला नाही. स्विच रीस्टार्ट झाला की तो बदल जाणार.

दुसरी वेळ वापरण्याचा मोह होतो, कारण तिच्या नावात ‘सेव्ह’ आहे. ती वापरू नका. मिबच्या व्याख्येनुसार रनिंग कॉन्फिग कुठेही लिहिली तरी ती सेव्ह धरली जाते, टर्मिनलवर दाखवणंसुद्धा. म्हणजे कोणी बदल केला, सेव्ह न करता नुसतं ‘शो रनिंग-कॉन्फिग’ पाहिलं, तरी दुसरी वेळ पुढे सरकते आणि तिच्यावर बेतलेला अलार्म शांत होतो. रात्रीच्या बॅकअपनेही तेच होतं. कितीतरी तयार टेम्पलेटमध्ये हीच तुलना घातलेली असते, तेव्हा आपलं टेम्पलेट उघडून एकदा पाहा.

आणखी दोन अडचणी आहेत. या वेळा घड्याळाच्या नसतात, स्विच चालू झाल्यापासूनच्या शतांश सेकंदांत असतात. त्यामुळे रीस्टार्टनंतर जुन्या आकड्यांशी नव्यांची तुलना करता येत नाही; प्रत्येक वेळी अपटाइमही सोबत वाचा. शिवाय हा ३२ बिटांचा आकडा ४९७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. वर्ष-दीड वर्ष न थांबता चालणारे स्विच काही दुर्मीळ नाहीत. अशा स्विचवर उलटापालट झाली की केलेला बदल न केल्यासारखा दिसतो, किंवा त्याच्या उलट.

१३. कोणी हात लावला नाही, तरी रोज ‘कॉन्फिग बदलली’ असा इशारा येतो. का?

इशारा वेळेवर बेतला असेल, तर कोणी कॉन्फिग मोडमध्ये जाऊन काहीही न बदलता बाहेर पडलं तरी आयओएस ती वेळ पुढे नेतो. इशारा दोन फाइलींच्या तुलनेवर बेतला असेल, तर फाइलच्या सुरुवातीच्या उद्गारचिन्हाच्या ओळी पाहा: शेवटचा बदल कधी आणि कोणी केला ते तिथे लिहिलेलं असतं. जुन्या आयओएसवर ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’ ही ओळ स्विच स्वतःच बदलत राहतो. तुलनेआधी या ओळी गाळा. साठवायची फाइल मात्र जशी आली तशीच ठेवा.

१४. स्विच ‘यशस्वी’ म्हणतो. फाइल शाबूत आहे असं धरायला हरकत नाही ना?

हरकत आहे. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. ‘यशस्वी’चा अर्थ एवढाच की स्विचच्या बाजूने पाठवण्याचं काम चूक न होता संपलं. सर्व्हरने ती फाइल कुठे ठेवली, जुन्या फाइलवर लिहिली का, नंतर दुसऱ्या स्विचच्या फाइलने ती झाकली गेली का, हे स्विचला माहीत नसतं. टीएफटीपी प्रत्येक ५१२ बाइटच्या तुकड्याची पोचपावती घेतं, पण पूर्ण फाइलचा चेकसम जुळवून पाहत नाही.

म्हणून सर्व्हरवर प्रत्येक कॉपीनंतर फाइल उघडून तपासा. फाइल रिकामी नाही ना आणि तिची वेळ आजची आहे ना, हे तर पाहायचंच. आतलं होस्टनेम त्याच स्विचचं आहे का ते जुळवा. पत्ते बदलले की एका स्विचची कॉन्फिग दुसऱ्याच्या नावाने साठत राहते आणि आकार वगैरे सगळं ठीक दिसतं. फाइलची शेवटची ओळ ‘एंड’ आहे का ते पाहा. आयओएसची पूर्ण कॉन्फिग त्या शब्दावर संपते, त्यामुळे तुटलेली फाइल ओळखायला ही सगळ्यात सोपी खूण आहे. आकार कालच्यापेक्षा एकदम निम्मा झाला असेल, तर माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय जुनी प्रत पुसू देऊ नका.

अलार्म याच तपासणीवर लावा. अमुक तासांत या स्विचची तपासून पास झालेली फाइल नसेल तर ओरड, असा नियम ठेवला की हुकूम पोचला नाही, कॉपी फसली, ट्रॅप हरवला, स्क्रिप्टच चालली नाही, हे सगळे प्रकार त्या एका नियमात पकडले जातात.

१५. दोनशे स्विचचा बॅकअप एकाच वेळी सुरू केला तर चालेल?

सर्व्हर सांभाळू शकेल तेवढेच एका वेळी सुरू करा आणि बाकीचे रांगेत ठेवा. प्रत्येक स्विच वेगळा असल्याने त्यांना एकमेकांचा त्रास नसतो, अडचण सर्व्हरवर आणि मधल्या लिंकवर होते. कॉन्फिग तयार करताना स्विचचा सीपीयू थोडा वेळ वर जातो. सीपीयूचा अलार्म त्याच वेळी वाजत असेल तर तो बॅकअपच्या वेळेशी ताडून पाहा.

१६. हे सगळं सुरक्षित आहे का? लिहिण्याची कम्युनिटी द्यायला आमची सुरक्षा टीम नकार देते.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ज्याच्याकडे लिहिण्याची कम्युनिटी आहे, तो प्रश्न ३ मधल्या सहा आकड्यांनी तुमची पूर्ण कॉन्फिग आपल्या सर्व्हरवर मागवू शकतो आणि हवी ती कॉन्फिग स्विचमध्ये घालूही शकतो. आवृत्ती २सी मध्ये कम्युनिटी उघडी जाते, टीएफटीपीत फाइल उघडी जाते, आणि त्या फाइलमधले टाइप ७ चे (सिस्कोच्या कमकुवत पद्धतीने झाकलेले) पासवर्ड सहज उलगडतात. २सी वापरून कॉलम ८ मध्ये एससीपीचा पासवर्ड पाठवला, तर तोही उघडाच गेला.

करायचं ते असं: आवृत्ती ३ घ्या, ओळख आणि गुप्तता दोन्हींसह. त्या युजरला लिहिण्याचा व्ह्यू फक्त १.३.६.१.४.१.९.९.९६ या शाखेचा द्या, पूर्ण झाड देऊ नका. एसएनएमपीवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावून फक्त मॅनेजमेंट स्टेशनचा पत्ता आत घ्या. फाइल एससीपीने न्या. टीएफटीपी टाळताच येत नसेल, तर ‘एसएनएमपी-सर्व्हर टीएफटीपी-सर्व्हर-लिस्ट’ ही आज्ञा वापरा: एसएनएमपीवरून सुरू केलेली टीएफटीपी कॉपी मग फक्त त्या यादीतल्या सर्व्हरशीच होते. ही आज्ञा फारशी कोणाच्या कॉन्फिगमध्ये दिसत नाही, याचं वाईट वाटतं. चोरलेल्या कम्युनिटीने कॉन्फिग बाहेर नेण्याची वाट ती थेट बंद करते.

१७. सर्व्हरवरची फाइल स्विचमध्ये घालताना काय सांभाळायचं?

कुठे घालता त्यावर सगळं आहे. नेटवर्कवरून रनिंगमध्ये (१ पासून ४) घातली तर फाइल आधीच्या कॉन्फिगमध्ये मिसळली जाते. फाइलमध्ये नसलेल्या जुन्या ओळी तशाच राहतात. कालची कॉन्फिग परत आणायची म्हणून हा हुकूम दिला, तर हाती कालच्या आणि आजच्या ओळींची सरमिसळ येते. नेटवर्कवरून स्टार्टअपमध्ये (१ पासून ३) घातली तर जुनी फाइल पूर्ण बदलते, पण ती लागू व्हायला स्विच रीस्टार्ट करावा लागतो.

रनिंगमध्ये घालताना कारण ७ आलं, तर काही ओळी लागू झाल्या आणि काही नाकारल्या गेल्या. पुन्हा तोच हुकूम देण्याआधी कुठल्या नाकारल्या ते लॉगमध्ये शोधा.

आणि नव्या ओळींनी मॅनेजमेंटचाच पत्ता किंवा व्हीलॅन (स्विचवरचं आभासी नेटवर्क) बदलला, तर पोलिंगला उत्तर येणं मधेच थांबेल. अशा वेळी ‘अयशस्वी’ नोंदवून स्क्रिप्टने दुसरी फाइल घालायला सुरुवात करणं धोक्याचं आहे. निकाल ‘अनिश्चित’ म्हणून नोंदवावा आणि माणसाला कळवावं.

१८. सर्व्हरचा पत्ता आयपीव्ही६ आहे. कॉलम ५ तो घेत नाही.

कॉलम ५ मध्ये फक्त आयपीव्ही४ मावतो. कॉलम १५ मध्ये पत्त्याचा प्रकार द्या (१ आयपीव्ही४, २ आयपीव्ही६) आणि १६ मध्ये पत्ता, बाइटच्या रूपात. नव्या स्क्रिप्टमध्ये आयपीव्ही४ साठीही हीच जोडी वापरा, कारण कॉलम ५ कालबाह्य ठरवलेला आहे.

१९. आमच्याकडे इतर कंपन्यांचेही स्विच आहेत. हेच ओआयडी चालतील का?

नाही. कॉन्फिग कॉपी करण्यासाठी सर्वांना लागू असं प्रमाण मिब नाही. प्रत्येक कंपनीने आपापली शाखा केली आहे. हुआवे आणि एच३सी यांची कॉन्फिग सांभाळणारी स्वतःची मिब आहेत. सिस्कोच्याच छोट्या उद्योगांसाठीच्या मालिकेतही कॉपीचं टेबल वेगळं आहे. जुनिपर बदल झाल्याचा ट्रॅप १.३.६.१.४.१.२६३६ या आपल्या शाखेतून देतो, पण फाइल पाठवण्यासाठी कमिट होताच (बदल लागू करताच) कॉन्फिग सर्व्हरवर ठेवणारी सोय थेट जुनॉस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आहे, ती वापरावी.

कॉन्फिग लिहिण्यासाठी एसएनएमपी फारसं वापरलं जात नाही, हे आयएबीच्या (इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या) २००२ च्या कार्यशाळेत नोंदवलं गेलं आणि ते आरएफसी ३५३५ या दस्तऐवजात छापलेलं आहे. त्यानंतर कॉन्फिग सांभाळण्यासाठीच घडवलेलं नेटकॉन्फ आलं, आधी २००६ चं आरएफसी ४७४१ आणि मग २०११ चं ६२४१. तुमच्या सगळ्या स्विचवर नेटकॉन्फ चालत असेल तर फाइल त्याने आणा आणि एसएनएमपी इशाऱ्यांपुरतं ठेवा. मिश्र ताफ्यात मात्र प्रश्न १४ मधली सर्व्हरवरची तपासणी सर्वांना सारखीच लागू होते, मग फाइल कुठल्याही वाटेने आलेली असो.

२०. बॅकअप शाबूत होता, नव्या स्विचवर घातलाही. तरी व्हीलॅन गायब आहेत आणि एसएनएमपी आवृत्ती ३ उत्तर देत नाही.

या दोन्ही गोष्टी कॉन्फिग फाइलमध्ये नसतातच.

व्हीटीपी (व्हीलॅनची माहिती स्विचमध्ये वाटणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) सर्व्हर किंवा क्लायंट मोडमध्ये असलेला स्विच व्हीलॅनची माहिती फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या फाइलमध्ये ठेवतो. ट्रान्स्परंट मोडमध्ये ती कॉन्फिगमध्येही येते. सर्व्हर मोडच्या स्विचसाठी त्या फाइलचा वेगळा बॅकअप लागतो. तो सिस्को-फ्लॅश-मिबच्या कॉपी टेबलाने घेता येतो, तिथेही नोंद तयार करून निकाल वाचण्याची रीत अशीच आहे.

आवृत्ती ३ चे युजर रनिंग कॉन्फिगमध्ये दाखवलेच जात नाहीत, शिवाय त्यांच्या किल्ल्या स्विचच्या इंजिन आयडीशी (एसएनएमपीतल्या त्याच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेल्या असतात. इंजिन आयडी हाताने ठरवलेला नसेल तर तो स्विचच्या मॅक पत्त्यावरून बनतो, म्हणून नव्या यंत्रावर तो वेगळा असतो. युजर नव्याने तयार करावे लागतात. एसएसएचची खासगी किल्लीही फाइलमध्ये येत नाही, तीसुद्धा नव्याने बनवावी लागते. आणि जोवर हे युजर परत तयार होत नाहीत तोवर या स्विचचा बॅकअप आवृत्ती ३ वरून सुरूच होऊ शकत नाही. यंत्र बदलण्याच्या कामाच्या यादीत युजर तयार करणं हे कॉन्फिग घालण्याच्या लगेच पुढचं काम म्हणून लिहा, आणि त्याच रात्रीच्या बॅकअपची फाइल उघडून पाहिल्यावरच काम बंद करा.